कॅरमचा बोर्ड सोपा असावा की अवघड? चांगला खेळाडू पहिल्याच फेरीत का हरतो, समजून घ्या

जुन्नर/आंबेगाव : गणपती जवळ आले की ओतूर, नारायणगावपासून मंचर, घोडेगावपर्यंत मंडळांच्या फलकांवर कॅरम स्पर्धेची जाहिरात लागते. प्रवेश फी किती, पहिलं बक्षीस किती, ट्रॉफी कुणाकडून, सगळं मोठ्या अक्षरात असतं. बोर्ड कसा आहे आणि मॅच किती गेमची आहे, हे मात्र कुठंच लिहिलेलं नसतं. भांडणं नेमकी त्यावरूनच होतात.

शेती सांभाळून बातमीदारी करताना अशा स्पर्धांचे निकाल घ्यायला जावं लागतं. तिथं दोन वाक्यं हमखास कानावर येतात. हरलेला म्हणतो, "बोर्डच बेकार होता." जिंकलेला म्हणतो, "ज्याला खेळता येत नाही त्याला बोर्ड वाकडा." दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. निकाल तीन गोष्टी मिळून ठरवतात: खेळाडूचा हात, बोर्डाची अवघडाई आणि मॅचची लांबी.

प्रत्येक घाट वेगळा, तसा प्रत्येक बोर्ड वेगळा

बैलगाड्याच्या शौकिनांना हे लगेच पटेल. आपल्याकडं गाडा एकटा पळतो, शर्यत घड्याळाशी असते. पण एका घाटातले सेकंद दुसऱ्या घाटाला लावून चालत नाहीत. चढ वेगळा, लांबी वेगळी, माती वेगळी. म्हणून त्या दिवशी, त्या घाटात कोण सरस ठरलं एवढंच बघितलं जातं. कॅरमचंही तसंच आहे. घरच्या बोर्डावर डोळे झाकून सोंगट्या घालणारा गडी दुसऱ्या गावात गेला की चुकतो, कारण तिथं स्ट्रायकर वेगळा धावतो आणि कडेवरून वेगळा परततो.

नियमातला बोर्ड कसा असतो?

मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळायची जागा सुमारे ७४ सेंटिमीटर लांब-रुंद असते. पॉकेटचा व्यास साधारण ४.४५ सेंटिमीटर. सोंगटीचा व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर आणि वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. म्हणजे सोंगटी पॉकेटात शिरताना एकूण मोकळी जागा सव्वा ते दीड सेंटिमीटरच्या आत असते. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांची पॉकेटं मात्र कधी मोठी असतात, तर कधी एक मोठं नि एक लहान.

बोर्ड गुळगुळीत आहे का, हे बघायची पद्धतही सोपी आहे. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर एका बाजूच्या रेषेवरून समोरच्या कडेवर जोरात मारायचा. तो कमीत कमी साडेतीन वेळा इकडून तिकडं गेला पाहिजे. दोन फेऱ्यांतच थांबला तर बोर्ड जड आहे समजा. भाद्रपदात आपल्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला, हवेत इतकी ओल असते की चांगला प्लायवूडही जड होतो आणि पावडर गोळा होऊन बसते.

अवघड बोर्डानं नेमकं काय होतं?

इथं थोडा हिशोब करू. आपल्या ९ सोंगट्या आणि राणी मिळून १० वेळा पॉकेट साधावं लागतं. ब्रेक करणाऱ्यानं एकाच दमात सगळं साफ केलं तर त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. समजा दोन खेळाडू आहेत, एक पट्टीचा आणि एक बरा.

बोर्ड फार सोपा असेल तर पट्टीचा १०० पैकी ९९ वेळा सोंगटी घालेल आणि बरा ९८ वेळा. मग सलग १० सोंगट्या घालायचं पट्टीच्या खेळाडूला १०० पैकी ९० वेळा जमेल, बऱ्याला ८२ वेळा. दोघांत फरक उरलाच नाही. ज्याला ब्रेक मिळाला तो जिंकला. म्हणजे स्पर्धा टॉसची झाली.

आता बोर्ड थोडा कडक करा. पट्टीचा ९० वेळा घालतो, बरा ८० वेळा. सलग १० जमण्याचं प्रमाण आता पट्टीच्याचं १०० पैकी ३५ आणि बऱ्याचं ११. एका सोंगटीवरचा फरक फक्त १० चा, पण सगळा बोर्ड साफ करण्यात पट्टीचा तिपटीनं पुढं. हाताचा कस इथं दिसतो.

आता बोर्ड पार खराब घ्या. मधे फुगलेला, एका बाजूला उतार असलेला. पट्टीचा ५० वेळा घालतो, बरा ४०. सलग १० घालणं आता पट्टीच्यालाही हजारात एकदा जमेल. मग कुणी साफ करायच्या भानगडीत पडत नाही. समोरच्याच्या सोंगट्या अडवायच्या आणि तो चुकायची वाट बघायची. अडवणं हेही कौशल्यच आहे, पण सोंगटी उतारावरून आपोआप घरंगळत असेल तर त्यात कौशल्य कुणाचं?

थोडक्यात, फार सोपा बोर्ड टॉसला जिंकवतो आणि फार खराब बोर्ड नशिबाला. खेळाडूला जिंकवतो तो कडक, पण सपाट बोर्ड. अवघड आणि खराब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंडळांनी ध्यानात ठेवावं.

पूलवाल्यांनी खिसे का आवळले?

आपली पोरं मोबाइलवर पूल खेळतात. त्या खेळाच्या मोठ्या स्पर्धांतही हाच प्रश्न आला. पूलच्या चेंडूचा व्यास सव्वादोन इंच असतो आणि कोपऱ्याचा खिसा साधारण साडेचार इंच, म्हणजे चेंडूच्या दुप्पट. व्यावसायिक खेळाडूंचा हात इतका तयार झाला की ब्रेक मिळाला की टेबल साफ, समोरचा खुर्चीवर बसून बघत राहतो. म्हणून अलीकडं काही मोठ्या स्पर्धांत हे खिसे ४ इंचांपर्यंत आवळले गेले. तुलना केली तर कॅरमचं पॉकेट त्याहून कडक आहे. ते सोंगटीच्या दीडपटही नसतं.

टेबलावरच्या या खेळांशी पुणे जिल्ह्याचं जुनं नातं आहे. बिलियर्ड्सचे विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. १९५८ साली ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. १९६४ साली त्यांनी ते पद पुन्हा मिळवलं. बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत अनेक जागतिक पदकं मिळवणारे पंकज अडवाणी यांचाही जन्म १९८५ साली पुण्यातलाच.

एका गेमचा घोळ

आता मॅचच्या लांबीकडं वळू. समजा एक खेळाडू समोरच्यापेक्षा सरस आहे आणि १० गेम खेळले तर ६ जिंकतो. एकच गेम ठेवला तर तो १०० पैकी ६० वेळा जिंकेल. तीन गेमची मॅच ठेवली, म्हणजे जो दोन आधी जिंकेल तो पुढं, तर ६५ वेळा. सात गेमची ठेवली तर ७१ वेळा.

हा फरक किरकोळ वाटेल. पण १६ जणांच्या बाद फेरीत कप उचलायला सलग ४ मॅच जिंकाव्या लागतात. प्रत्येक फेरीत असाच फरक धरला तर एका गेमच्या स्पर्धेत तो सरस खेळाडू १०० पैकी फक्त १३ वेळा कप नेईल. तीन गेमची मॅच असेल तर जवळपास १८ वेळा आणि सात गेमची असेल तर २५ वेळा. म्हणजे एखादा चांगला गडी पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद झाला, तर त्यात नवल काहीच नाही.

म्हणूनच मान्यताप्राप्त कॅरम स्पर्धेत गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा असतो, जे आधी होईल ते. तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी. शिवाय ब्रेक आळीपाळीनं मिळतो, त्यामुळं टॉसचा फायदा बराच विरून जातो. पूलच्या बऱ्याच मोठ्या स्पर्धांतही सुरुवातीला दोनदा हरल्यावरच खेळाडू बाहेर पडतो.

खरी मेख इथं आहे

गावातल्या स्पर्धेत नेमकं उलटं होतं. बोर्ड जड असतो, सोंगट्या जात नाहीत, एक गेम लांबत जातो. रात्रीचे अकरा वाजतात, आरती करून थकलेले कार्यकर्ते घड्याळाकडं बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "राहू द्या गेम, एकच बोर्ड खेळा." खराब बोर्ड आणि छोटी मॅच एकत्र आली की निकाल चिठ्ठी उचलल्यासारखा लागतो. फी भरून, गाडीला पेट्रोल टाकून लांबून आलेला खेळाडू हिरमुसून जातो आणि पुढच्या वर्षी येत नाही. चांगल्या बोर्डावर गेम लवकर संपतात, म्हणून त्याच वेळात तीन गेम बसतात. बोर्डावरचा खर्च म्हणजे वेळेची बचत.

मंडळांनी काय करावं?

- स्पर्धेआधी दोन दिवस बोर्ड कोरड्या खोलीत ठेवा. जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.
- बोर्ड मधे फुगलाय का, हे ताणलेल्या दोऱ्यानं बघा. गवंड्याची लेव्हल ठेवून उतार तपासा. साडेतीन फेऱ्यांची चाचणी घ्या.
- बोर्ड जमिनीवर नको. स्टँड ६३ ते ७० सेंटिमीटर उंचीचा असावा. दिवा बरोबर मध्यावर टांगा.
- दोन-तीन बोर्ड असतील तर सगळे सारख्याच बनावटीचे आणा. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला थोडा सराव द्या.
- पहिल्या फेऱ्यांना २५ गुण किंवा ८ बोर्डांचा एक गेम ठेवा. उपांत्यपूर्व फेरीपासून तीन गेम.
- हातात दोन-तीन दिवस असतील तर १६ जणांचे चार-चारचे गट पाडा. बाद पद्धतीत १५ मॅच होतात, गटांत २४ आणि वर उपांत्य-अंतिमच्या ३, अशा २७. प्रत्येकाला निदान ३ मॅच मिळतात.
- मागच्या वर्षीचे दोन अंतिम खेळाडू वेगवेगळ्या भागांत टाका, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढा.
- हे सगळं फलकावर आधीच लिहा. निम्मी भांडणं तिथंच मिटतील.

खेळणाऱ्या पोरापोरींसाठी

शाळेकडून तालुक्याला, जिल्ह्याला खेळायला जायचं असेल तर मोठ्या पॉकेटच्या बोर्डावरचा सराव फसवा ठरतो. तिथं कडेला घासून जाणारी सोंगटी खऱ्या बोर्डावर पॉकेटच्या तोंडाशी अडते. शक्य असेल तर आठवड्यातून एकदा तरी नियमातल्या बोर्डावर खेळा. नवीन बोर्डावर बसल्यावर पहिले चार-पाच फटके सोंगटी घालण्यासाठी मारू नका. स्ट्रायकर किती धावतो, कडेवरून कसा परततो, कुठल्या कोपऱ्याकडं ओढ आहे, हे आधी ओळखा. ज्याला बोर्ड वाचता येतो, त्याला बोर्डाची तक्रार करायची वेळ कमी येते.

आणि एका संध्याकाळच्या निकालावरून कुणाला मोठा किंवा छोटा ठरवू नका. एका वर्षाच्या कांद्याच्या भावावरून शेतकरी शहाणा की वेडा, हे आपण ठरवतो का? वर्षभरात वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या बोर्डांवर जो सातत्यानं शेवटच्या चारांत दिसतो, तो खरा खेळाडू.