हवेंतील धूर परत धरण्याची विद्या

धूर एकदां आकाशांत मिसळला कीं तो परत आणणें अशक्य, असा सर्वसाधारण समज आहे. रसायनशास्त्रानें तो आतां खोटा ठरविला आहे. मात्र त्यासाठीं मोजावी लागणारी किंमत सुज्ञ वाचकांनीं नीट जाणून घ्यावी, म्हणून हा विषय आम्ही हातीं घेत आहों.

चुन्याच्या निवळींत नळीनें फुंकर घातली असतां ती दुधाळ होते, हा शाळेंतील प्रयोग पुष्कळांस आठवत असेल. उच्छ्वासांतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, आम्लधर्मी आणि चुना अल्कधर्मी. म्हणून दोहोंचा संयोग होतो. पण तो इतका घट्ट कीं, वायु पुन्हां सोडविण्यास सुमारें ९०० अंशांची भट्टी लागते. अमोनियाच्या कुळांतील ‘अॅमाइन’ नांवाचीं द्रव्यें अशींच अल्कधर्मी, परंतु सौम्य पकडीचीं आहेत. त्यांच्या द्रावणानें वायु धुण्याची रीत १९३० सालापासून ठाऊक आहे. द्रावणांत मात्र पुष्कळसें पाणी व्यर्थ तापवावें लागतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं अॅमाइन सच्छिद्र घन पदार्थावर बसविलें. त्यावरून पंख्यानें हवा खेळविली कीं कर्बाम्ल वायु त्यास चिकटतो. मग पेटी बंद करून, आंतील हवा काढून, ती सुमारें १०० अंशांपर्यंत तापविली कीं तो सुटतो, आणि तेंच द्रव्य पुन्हां कामास येतें.

क्लाइमवर्क्स या स्विस कंपनीनें याच तत्त्वावर आइसलंडांत २०२१ सालीं ‘ऑर्का’ व २०२४ सालीं ‘मॅमथ’ हे कारखाने सुरू केले. त्यांस लागणारी शक्ति भूगर्भाच्या उष्णतेपासून मिळते. धरलेला वायु पाण्यांत विरघळवून जमिनीखालील काळ्या खडकांत सोडतात, व तेथें त्याचा दगड बनतो. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील एका प्रयोगांत ९५ टक्क्यांहून अधिक वायु दोन वर्षांच्या आंत पाषाणरूप झाला. आपल्या सह्याद्रीचा पाषाणही त्याच जातीचा असल्यामुळें संशोधकांचें लक्ष दख्खनच्या पठाराकडेही लागलें आहे.

आतां हिशेब पाहूं. हवेच्या दहा हजार रेणूंत हा वायु अवघा चार. तो वेंचण्यास अफाट हवा हलवावी लागते. मॅमथची पूर्ण क्षमता वर्षाला ३६,००० टनांची, तर जग कोळसा, तेल वगैरे जाळून वर्षाला सुमारें ३,७०० कोटी टन वायु सोडतें. म्हणजे वर्षभराच्या श्रमानें जगाचा अर्ध्या मिनिटाचा धूर निस्तरावयाचा! शिवाय उष्णता व प्राणवायु यांनीं अॅमाइन हळूहळू निकामी होतें. आणि तापविण्यासाठीं कोळसाच जाळला तर पदरीं फारसें कांहींच पडत नाहीं.

मग ही विद्या टाकाऊ काय? मुळींच नाहीं. जो वायु आधींच हवेंत गेला आहे, त्याचा बराच भाग शतकानुशतकें तेथेंच राहावयाचा. त्यावर अशा उपायांची गरज पडणारच. परंतु संस्कृतांत पंकप्रक्षालनन्याय म्हणून सांगितला आहे, तो येथें तंतोतंत लागू पडतो. लागलेला चिखल धुतलाच पाहिजे. पण धुण्यास पाणी मिळालें, एवढ्यावरून पुन्हां चिखलांत उतरणारास शहाणा कोण म्हणेल?