आजींच्या हातचे हलव्याचे दागिने

मैत्रिणींनो, संक्रांत झाली म्हणून उरलेला हलवा डब्यात टाकू नका. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, बोरन्हाण चालूच असतं! आपल्या संभाजीनगरातल्या एखाद्या विरंगुळा केंद्रात तो घेऊन जा. हलव्यात सुई काही शिरत नाही. दोऱ्याचा फास टाकून एकेक दाणा गाठीत अडकवायचा. नजर अधू असेल तर दाणे टपोरे घ्या आणि दोरा काळा. पांढऱ्या दाण्यापाशी तो चटकन दिसतो. बोटं थरथरत असतील, तर पुठ्ठ्याच्या मुकुटावर कणकेच्या खळीनं दाणे चिकटवू द्या. चुकलेली गाठ मात्र घाईनं आपण सोडवायची नाही हं! आजींना वेळ घालवायला खेळणं नकोय. कुणाच्या तरी बाळाच्या गळ्यात आपल्या हातचा हार पडलेला हवाय. तेवढं बाळ शोधणं आपलं काम!