तेलक्षेत्राची संकल्पना आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा भूस्तर

तेलक्षेत्र म्हटले की जमिनीखालील तेलाचे तळे डोळ्यांपुढे येते. भूगोलाच्या अध्यापनात ही कल्पना प्रथम दूर करावी लागते. खनिज तेल खडकातील सूक्ष्म छिद्रांत सामावलेले असते, भिजलेल्या विटेत पाणी मुरलेले असते तसे. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा मूळ खडक, तेल साठविणारा सच्छिद्र खडक, त्यावरील अभेद्य थर आणि तेलास अडविणारी भूरचना या चार बाबी एकत्र आल्या तरच तेलक्षेत्र निर्माण होते. मूळ खडक दीर्घकाळ साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात राहणेही आवश्यक असते. त्याहून अधिक तापल्यास प्रामुख्याने वायू तयार होतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील ‘मुंबई हाय’ हे याचे उत्तम उदाहरण होय. ‘सागर सम्राट’वरून खोदलेल्या विहिरीत १९७४ साली तेथे तेल लागले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेथील तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकात आहे, परंतु त्याचा जन्म तेथला नव्हे. लगतच्या खोलगट भागांतील अधिक जुन्या शेल खडकांत तयार होऊन ते उंचवट्याकडे सरकत आले. नावातील ‘हाय’ हा शब्द याच भूगर्भीय उंचवट्याचा वाचक आहे.

मग कोळशाने संपन्न चंद्रपुरात तेल का नाही? घुग्घुस, माजरी, बल्लारपूर येथील कोळसा गोंडवाना समूहाच्या बराकार थरांतील आहे. पर्मियन कालखंडात, सुमारे २७ ते २९ कोटी वर्षांपूर्वी, नदीखोऱ्यांतील दलदलीत ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पती गाडल्या गेल्या. लाकूड व पाने यांपासून मुख्यतः कोळसा आणि मिथेन मिळतो. तेलास प्लवक, शैवाल यांचे स्निग्ध द्रव्य लागते. हा नियम अर्थात निरपवाद नाही. वरच्या आसामात कोळसायुक्त थरांनाही तेलाचे मूळ खडक मानले जाते. वर्धा खोऱ्यात मात्र व्यापारी तेलक्षेत्र आढळलेले नाही.

गडचिरोलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सिरोंचा परिसरात गोंडवाना काळातील गाळाचे खडक व जीवाश्म आढळतात, परंतु जिल्ह्याचा बराच भाग प्राचीन स्फटिकी खडकांचा आहे. सुरजागडचे लोहखनिज अशाच प्राचीन शिलासमूहातले. अशा खडकांत तेलाचा मूळ खडक शोधणे व्यर्थ होय.

लोहयुक्त पाण्यावर जीवाणूंमुळे इंद्रधनुषी तवंग येतो आणि तो तेलाचा असल्याचा भास होतो. काडीने ढवळल्यास हा तवंग काचेसारखा फुटून त्याचे तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो.