दबलेला विषाणू आणि स्नायूंच्या गाठी

घास गिळल्यावर तो आतड्यातून पुढे ढकलण्याची आज्ञा तुम्ही कधी देता का? नाही ना! हे काम अनैच्छिक स्नायू आपोआप करतात. आतडी, रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका यांच्या भित्तींत ते असतात. मुलांमध्ये या स्नायूंच्या गाठी क्वचितच आढळतात. मग एड्स झालेल्या आणि अवयवरोपण केलेल्या मुलांत त्या का दिसू लागल्या?

याचा धागा 1964 सालापर्यंत जातो. युगांडातील मुलांच्या जबड्याच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींमध्ये एप्स्टाइन, अचाँग व बार यांना लंडनमध्ये एक नवा विषाणू दिसला. तोच 'एप्स्टाइन-बार विषाणू'. तो लाळेतून पसरतो. लंडन असो की वाशीम, दहांपैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो मुक्काम ठोकून असतो. तरीही बहुतेकांना त्रास होत नाही, कारण रक्तातील टी-पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात.

एचआयव्ही या पहारेकऱ्यांनाच मारतो. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिलेली औषधेही त्यांना दुबळे करतात. 1995 मध्ये दोन संशोधक गटांनी अशा रुग्णांच्या स्नायूगाठी तपासल्या, तेव्हा गाठींच्या पेशींत हाच विषाणू सापडला!

एकाच रुग्णाच्या यकृतात आणि फुप्फुसात गाठी असतील, तर एकीपासूनच दुसरी झाली असेल का? उत्तर विषाणूच्या डीएनएत आहे. त्याच्या टोकांशी एकच मजकूर पुन्हापुन्हा येतो. पेशीत शिरल्यावर टोके जुळून कडे बनते आणि त्या आवृत्त्यांची संख्या ठरून जाते. त्या पेशीच्या साऱ्या वंशजांत तीच संख्या उतरते. एका गाठीतील सर्व पेशींत ही संख्या सारखी, पण त्याच रुग्णाच्या दुसऱ्या गाठीत वेगळी आढळली. म्हणजे या गाठी स्वतंत्रपणे उगवल्या होत्या!

उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि शक्य असेल तेथे पहारा पुन्हा सबळ करणे. रोपणाच्या रुग्णांत डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बेताने कमी करतात. रुग्णाने ती स्वतः बंद केल्यास मात्र रोपलेला अवयवच धोक्यात येतो. एचआयव्हीवरील औषधे भारतात शासनातर्फे 2004 पासून मोफत मिळतात. ती रोज, न चुकता घेतली तर टी-पेशी पुन्हा वाढतात.

आणि हो, अशी गाठ स्पर्शाने कुणाला होत नाही. एचआयव्हीसुद्धा शेजारी बसल्याने किंवा एकत्र डबा खाल्ल्याने पसरत नाही. मग अशा वर्गमित्राला बाकावर एकटे बसवण्याला विज्ञानाचा काही आधार आहे का? तुम्हीच सांगा.