खऱ्या कळा, खोट्या कळा

बाळंतपण सुरू झाले हे ठरवणारी एकच एक खूण नसते. शरीराची तयारी काही आठवडे आधीपासून चाललेली असते. ती संपून प्रत्यक्ष प्रसूती नेमकी कधी सुरू झाली, हे डॉक्टरांनाही बहुतेक वेळा मागाहूनच सांगता येते. म्हणून सुट्या लक्षणापेक्षा लक्षणांची चाल पाहावी लागते. कळा वाढत चालल्या आहेत की विरत चालल्या आहेत, यावर बाकीचे बरेचसे अवलंबून असते.

तारखेवर फार विसंबून चालत नाही. बोलण्यात 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणायची रीत आहे. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे साधारण नऊ महिने सात दिवस मोजतात. एकोणिसाव्या शतकातले जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने हा हिशेब ओळखला जातो. पाळी अनियमित असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख जास्त भरवशाची. तरीही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाचच असतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४२ आठवड्यांपर्यंत केव्हाही कळा सुरू होऊ शकतात. फाइलवरची तारीख उलटून गेली म्हणून घाबरायचे कारण नसते, पण ४१ आठवडे भरले तरी काही हालचाल नसेल, तर नुसती वाट पाहत घरी बसू नये.

शेवटच्या आठवड्यांत पोटात काय घडते, हे कळले की खुणांचा अर्थ लागतो. एरवी गर्भाशयाचे तोंड तीन-चार सेंटीमीटर लांब, घट्ट आणि मिटलेले असते. दिवस भरत आले की प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या द्रव्यांमुळे ते मऊ पडते, आखूड होते आणि उघडू लागते. गर्भाशयाच्या स्नायूंच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जाऊन एकदम आकुंचन पावायला शिकतात आणि ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला जास्त दाद देऊ लागतात. तोंड पूर्ण उघडते तेव्हा ते दहा सेंटीमीटर असते. बाळंतकळा म्हणजे हे तोंड उघडणारी आकुंचने. ज्या कळांनी तोंड उघडत नाही, त्या कितीही दुखल्या तरी खोट्याच.

कळांच्या आधी बाळ खाली सरकते. पहिलटकरणीत हे दोन ते चार आठवडे आधी होते. पोट उतरल्यासारखे दिसते, छातीखालचा दाब कमी होऊन श्वास मोकळा होतो, आणि मूत्राशयावर भार आल्याने लघवीला वारंवार जावे लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळाचे डोके बऱ्याचदा कळा सुरू झाल्यावरच खाली येते. त्यामुळे पोट उतरले नाही म्हणजे अजून वेळ आहे, असा निष्कर्ष तिथे काढता येत नाही. कंबर भरून येणे, मांड्यांत ओढ लागणे, शौचाला पातळ होणे, अचानक घर आवरण्याचा उत्साह येणे या गोष्टीही सांगितल्या जातात. त्या अनेकींना जाणवतात, पण त्यांवरून दिवस सांगता येत नाही.

खोट्या कळांचे वर्णन इंग्लंडमधले डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ साली केले. वैद्यकात आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. या कळांत पोट कडक होते, थोडे दुखते आणि सैल पडते. दिवसभर उभे राहून काम केले, पाणी कमी प्यायले किंवा लघवी तुंबली की त्या जास्त येतात. दोन ग्लास पाणी पिऊन, लघवीला जाऊन डाव्या कुशीवर तासभर पडले की बहुधा थांबतात. दुखणे पुढच्या बाजूलाच राहते, आणि कधी दहा मिनिटांनी तर कधी पाऊण तासाने असा काही ताल नसतो.

खऱ्या कळा पडून राहिल्याने किंवा चालल्याने थांबत नाहीत. त्या बहुधा कमरेतून निघून ओटीपोटात उतरतात आणि लाटेसारख्या चढून, शिगेला पोचून ओसरतात. दोन कळांच्या मध्ये पोट पूर्ण सैल होते, बाई नेहमीसारखी बोलते, कधी कधी डुलकीही घेते. हळूहळू मधला वेळ कमी होतो, कळ लांबते आणि जोर वाढतो. या तिन्ही गोष्टी एकत्र घडू लागल्या की शंका फारशी उरत नाही.

मोजायला घड्याळ आणि पोटावर सपाट ठेवलेला तळहात पुरतो. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ म्हणजे अंतर. पहिली संपल्यापासून मोजण्याची चूक बऱ्याच घरांत होते आणि कळा आहेत त्यापेक्षा जवळ आल्यासारख्या वाटतात. कळ किती सेकंद टिकली हे वेगळे लिहावे. जोर हातालाच कळतो. सौम्य कळेत पोट बोटांनी सहज दबते, जोराच्या कळेत ते दबतच नाही. आणखी एक साधी परीक्षा आहे. कळ चालू असताना बाई वाक्य पूर्ण करू शकत असेल, तर बहुधा अजून अवकाश असतो. बोलता बोलता थांबून तिला खिडकीचा गज धरावा लागत असेल, तर काम पुढे गेलेले आहे.

गर्भारपणभर गर्भाशयाच्या तोंडाशी घट्ट चिकट स्रावाचा बोळा बसलेला असतो. तोंड उघडू लागले की तो सुटतो आणि गुलाबी किंवा तपकिरी झाक असलेला चिकट पदार्थ अंगावर जातो. त्यानंतर काही तासांत कळा येतात किंवा काही दिवसही लागतात. आतून तपासणी झाल्यावर थोडा डाग दिसणेही सामान्य आहे. मात्र ताजे लाल रक्त पाळीसारखे जाऊ लागले, तर तो वार खाली असल्याचा किंवा वेळेआधी सुटत असल्याचा इशारा असू शकतो. मग दुखत असो वा नसो, ताबडतोब रुग्णालय गाठायचे.

सिनेमात बाळंतपण पाणमोट फुटून सुरू होते. प्रत्यक्षात दिवस भरलेल्या दहा बायकांत साधारण एकीचेच पाणी कळांच्या आधी जाते, बाकीच्यांचे कळा सुरू झाल्यावर. ते भळाभळा जाईलच असेही नाही, बऱ्याचदा थेंब थेंब झिरपते आणि लघवी सुटल्यासारखे वाटते. अशा वेळी लघवी करून यावी, स्वच्छ कोरडा पॅड लावावा आणि थोड्या वेळाने पाहावा. लघवीला तिचा वास येतो आणि ती थांबवता येते. गर्भजल फिके असते, वास नसल्यासारखा असतो, आणि खोकले किंवा उठून उभे राहिले की पुन्हा येते. पाणी गेल्याची वेळ आणि रंग ध्यानात ठेवून, कळा नसल्या तरी रुग्णालयात जावे, कारण वेळ जाईल तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. दरम्यान शरीरसंबंध नको आणि योनिमार्गात काही घालू नये. पाणी हिरवट असेल, तर बाळाने पोटातच शी केलेली असते आणि त्याच्यावर लगेच लक्ष ठेवावे लागते. बाळ पायाळू किंवा आडवे असेल, तर पाण्याबरोबर नाळ खाली घसरण्याची भीती असते. योनिमार्गात नाळ जाणवली वा दिसली, तर गुडघे आणि छाती टेकून, कंबर उंच ठेवून ओणवे व्हावे आणि रुग्णवाहिका बोलवावी.

एक जुना समज मात्र सोडायलाच हवा. कळा जवळ आल्या की बाळ शांत होते, असे वडीलधाऱ्या बायका सांगतात. खाली उतरल्यावर बाळाच्या हालचालींची ढब बदलते, पण हालचाल कमी होत नाही. ती मंदावली किंवा थांबली, तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा झटका ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असतात. कळेच्या मधल्या वेळातही पोट सैल न पडता सतत दुखत राहणे वाईट, आधी सिझेरियन झालेले असेल तर फारच.

३७ आठवड्यांच्या आत याच खुणा दिसल्या, तर हिशेब पूर्ण बदलतो. तिथे पाळीसारखे बारीक दुखणे, कमरेतली ओढ, खाली दाब, तासाभरात वारंवार कडक होणारे पोट, यांतले काहीही पुरे. लवकर पोचल्यास आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे तयार करता येतात आणि नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी हलवता येते.

सगळे सुरळीत असेल, तर निघायचे केव्हा? कळा दर पाच मिनिटांनी येत आहेत, प्रत्येक सुमारे मिनिटभर टिकते आणि असे तासभर चालले आहे, हा पहिलटकरणीसाठी प्रचलित आडाखा. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंतचा काळ जागतिक आरोग्य संघटना सुरुवातीचा टप्पा मानते. पहिल्या खेपेला तो बरेच तास चालतो. तो घरीच जावा हे बरे: हलके खाणे, पाणी, थोडे चालणे, जमेल तेवढी झोप. या टप्प्यात बाईला 'कळ दे, जोर लाव' म्हणणे निव्वळ थकवणारे आहे. एरंडेल पाजण्याने जुलाब हमखास होतात, बाळंतपण सोपे होत नाही.

आडाखा शहरातल्या, जवळ दवाखाना असलेल्या बाईसाठी आहे. घाटापलीकडे किंवा पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावात पहिल्या नियमित कळांनाच निघावे लागते. राज्यातल्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्रालगत 'माहेरघर' याच अडचणीसाठी आहे. दिवस भरत आले की गर्भवतीने तिथे राहायला यावे, अशी त्यामागची योजना. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियनसह प्रसूती मोफत आहे. नेण्या-आणण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर गाडी मागवता येते. पहिले बाळंतपण माहेरी करायची पद्धत असल्याने नाव एका गावी नोंदलेले आणि कळा दुसऱ्याच गावी, असे सर्रास घडते. तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट आणि सोनोग्राफीचे कागद आठव्या महिन्यापासून बाईच्या पिशवीतच असावेत.

दुसऱ्या खेपेला कळा नियमित झाल्या की पाच मिनिटांची वाट पाहू नये. तोंड झपाट्याने उघडते, आणि शौचाला लागल्यासारखा जोर आपोआप येऊ लागला, तर बाळ योनिमार्गात उतरलेले असते. तेव्हा बाईला संडासात पाठवू नये, लांबचा प्रवासही सुरू करू नये. जिथे आहे तिथेच स्वच्छ जागी कुशीवर झोपवून मदत बोलवावी.