मुसीपलीकडची मेट्रो

हैदराबादची मेट्रो नोव्हेंबर 2017 मध्ये धावू लागली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तिचा जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा टप्पाही सुरू झाला. मूळ आराखड्यात हाच मार्ग पुढे फलकनुमापर्यंत जाणार होता. तो साडेपाच किलोमीटरचा तुकडा मात्र राहून गेला, आणि मुसी नदीपलीकडचा, चारमिनारभोवतीचा दाट वस्तीचा जुन्या शहराचा भाग मेट्रोवाचून राहिला. शहर 1591 साली जिथून वाढत गेले, तोच भाग असा मागे पडावा, हे मला अन्यायाचे वाटते.

अडचण खरी आहे. उन्नत मार्गाला रस्त्याच्या मधोमध खांब लागतात, स्थानकाला आणखी जागा लागते. दारुलशिफा, शालीबंडा, अलियाबाद या पट्ट्यात रस्ते अरुंद, दुतर्फा दुकाने, आणि जागोजागी मशिदी, आशूरखाने (मोहरमच्या शोकविधींच्या वास्तू), मंदिरे. म्हणून आखणी करताना धर्मस्थळे वाचतील अशी वळणे आणि खांबांच्या जागा ठरवाव्या लागतात. सालारजंग संग्रहालय आणि चारमिनार ही नावे स्थानकांना दिली, तरी मार्गिका दोन्ही वास्तूंपासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर ठेवली आहे.

मार्च 2024 मध्ये या राहिलेल्या टप्प्याची फलकनुमाजवळ पायाभरणी झाली. नंतर आखणीत हा मार्ग चंद्रायणगुट्ट्यापर्यंत, साडेसात किलोमीटरचा झाला. बाधित जागांच्या मालकांना दर चौरस गजाला 81,000 रुपये भरपाई ठरली. पण भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याला नुसती जागा नव्हे, गिऱ्हाईकही गमवावे लागते. त्याचा हिशेबही आखणीतच धरायला हवा.