ट्रॅकसाठी जुनी एलिस घेताना

ब्रिटनमध्ये ट्रॅकवर पळवायला सेकंडहँड गाडी शोधणाऱ्यांची नजर हमखास लोटस एलिसवर जाते. १९९६ साली आलेल्या पहिल्या एलिसचं वजन जेमतेम सव्वासातशे किलो. त्यामुळे टायर आणि ब्रेक पॅड कमी झिजतात. सांगाडा ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेला. तो वाकला असेल तर दुरुस्ती फार महागात पडते, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून बघाच. चकचकीत रंगाला भुलू नका. फायबरची बॉडी काय, कुणीही रंगवून देतं! या एलिसमधल्या रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाला हेड गॅस्केट उडण्याची जुनी खोड आहे. कूलंटवर तेलाचा तवंग दिसला, तर सरळ दुसरी गाडी बघा. बजेट कमी असेल तर माझदा एमएक्स-५ बरी. फक्त दारांखालचे पत्रे गंजलेत का, ते तपासा.